पाठिंबा कागदावर आला पाहिजे : अमेरिकी विद्यापीठांतल्या ‘विमेन ऑफ कलर’ प्राध्यापक आणि कलाकारांच्या टेन्यूरसाठी

दरवर्षी मे महिना लागला की मला चार-पाच फोन येतात. “ताई, ऑगस्टमध्ये टेन्यूरची फाईल द्यायची आहे, जरा नजर टाकाल का?” टेन्यूर म्हणजे प्राध्यापकाची कायमची नेमणूक; ती द्यायची की नाही हे समित्या फाईल पाहून मतदानानं ठरवतात. फाईल उघडते, तर काम भरपूर असतं आणि कागद थोडे. विभागप्रमुखांनी पाच वर्षं तोंडभरून कौतुक केलेलं असतं, पण त्यातलं एक वाक्यही लेखी नसतं. मदत करायची मनापासून इच्छा असलेले सहकारी असतात, पण त्यांनी केलेली मदत कुठेच दिसत नाही. मतदानाच्या दिवशी समितीसमोर असते ती फक्त फाईल.

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात कला विभागात शिकवते, पदोन्नतीच्या समित्यांवर बसले आहे. हा लेख दोघींसाठी आहे : जिला टेन्यूर मिळवायची आहे तिच्यासाठी, आणि त्याहून जास्त, तिच्या पाठीशी उभं राहू इच्छिणाऱ्या विभागप्रमुखांसाठी आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांसाठी. ‘विमेन ऑफ कलर’ म्हणजे कृष्णवर्णीय, लॅटिना, मूलनिवासी, आशियाई, अरब, थोडक्यात गोऱ्या नसलेल्या स्त्रिया. आपल्या मराठी मुलीही इथे त्यातच मोजल्या जातात. पुण्या-नागपुरात त्यांनी स्वतःला कधी असं म्हटलं नसलं तरी.

आधी वेळापत्रक नीट समजून घ्या

टेन्यूर-ट्रॅक नोकरी बहुतेक ठिकाणी सहा वर्षांची परीक्षा असते. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स, म्हणजे एएयूपी, या संघटनेच्या १९४० च्या निवेदनात परीक्षाकाळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा असं म्हटलं आहे, आणि आजची पद्धत त्याच चौकटीत चालते. तिसऱ्या वर्षी मधला आढावा होतो. सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला फाईल जाते. नकार आला तर सातवं वर्ष शेवटचं.

पण बाहेरच्या परीक्षकांकडे काम पाठवलं जातं ते पाचवं वर्ष संपल्यावरच्या उन्हाळ्यात. म्हणजे प्रत्यक्ष हातात पाचच वर्षं असतात. सहा वर्षं धरून आखणी केली की शेवटचं प्रदर्शन किंवा पुस्तक परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. मी पाहिलेल्या चुकांत ही सगळ्यात जास्त वेळा होणारी.

खबरदारी. नेमणूक, बढती, पगार या बाबतीत वंश किंवा लिंग पाहून निर्णय घेणं १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, म्हणजे टायटल सेव्हननुसार, बेकायदा आहे. त्यामुळे ‘ती विमेन ऑफ कलरपैकी आहे म्हणून तिला मत द्या’ असं कुठेही लिहू नका, बोलूही नका. टेक्ससमध्ये सिनेट बिल १७ हा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशनाची कार्यालयं त्यानं बंद झाली. अध्यापन, संशोधन आणि सर्जनशील काम मात्र त्यातून वगळलं आहे. आपल्या राज्याचा नियम विद्यापीठाच्या विधी कार्यालयाकडून समजून घ्या. पुढे दिलेली प्रत्येक पायरी सर्वांना सारखी लावता येते, आणि लावावीच. नियम धूसर असले की नुकसान जिच्या ओळखी कमी तिचं होतं. ते लेखी झाले की सगळ्यात जास्त फायदाही तिलाच होतो.

पायरी १ : नेमणुकीच्या पत्रावर सही होण्याआधी

ही पायरी बहुतेकजण पगाराच्या बोलण्यात घालवतात. पगार महत्त्वाचाच, पण टेन्यूर ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या मागायची ताकद सहीपर्यंतच असते.

पत्रात किंवा त्याला जोडलेल्या टिपणात हे आलं पाहिजे :

– टेन्यूरसाठी तिचं कोणतं काम मोजलं जाईल. प्रदर्शन, नृत्यरचना, मैफल, माहितीपट यांचा शब्दशः उल्लेख हवा. नुसतं ‘संशोधन’ लिहिलं असेल तर सहा वर्षांनी कुणीतरी विचारतं, “शोधनिबंध कुठे आहेत?”

– एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही तिच्या क्षेत्रातली अंतिम पदवी मानली जाईल, हे वाक्य. चित्र-शिल्पकलेत कॉलेज आर्ट असोसिएशन ही संघटना तसं मानते, पण कॉलेज पातळीवरच्या समितीत रसायनशास्त्राचे आणि इतिहासाचे लोकही असतात. ‘पीएचडी का नाही?’ हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे.

– जागा आणि साधनं. सिरॅमिक्सवालीला भट्टी आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, नर्तकीला लवचीक लाकडी जमीन (काँक्रीटवर रोज तीन तास तत्कार केला की गुडघे कामातून जातात), गायिकेला साथीदाराचं मानधन. ‘सोय करू’ म्हणजे काहीच नाही. खोली कोणती, कधीपासून, हे लिहून घ्या.

– दोन विभागांत विभागलेली नेमणूक असेल तर लेखी करार. उदाहरणार्थ, अर्धी नृत्य विभागात आणि अर्धी विमेन्स स्टडीजमध्ये. निकष कोणाचे, मत कोणाचं, बैठका किती. अशा नेमणुका विमेन ऑफ कलरच्या वाट्याला वरचेवर येतात, आणि करार नसला तर दोन्ही घरं पूर्ण वेळ मागतात.

भारतातून आलेल्यांसाठी व्हिसाची गोष्ट इथेच मिटवा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची नेहमीची मर्यादा सहा वर्षं, आणि टेन्यूरची परीक्षाही सहा वर्षांची. दोन्ही घड्याळं एकाच वेळी संपतात. ग्रीन कार्डासाठी आधी लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी, लागते. कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी तिची एक खास वाट आहे : ‘आलेल्या अर्जदारांत हीच सर्वांत योग्य होती’ एवढं विद्यापीठानं दाखवलं की पुरतं. नेहमीच्या वाटेनं गेलं तर किमान पात्रता असलेला एक अमेरिकी उमेदवार निघाला तरी अर्ज अडतो. या खास वाटेची मुदत निवडीच्या तारखेपासून १८ महिने. रुजू झाल्यापासून नव्हे, निवडीपासून. विद्यापीठांचे नियम वेगवेगळे असतात, ‘तिसऱ्या वर्षाच्या आढाव्यानंतर बघू’ म्हणणारीही आहेत. तोवर हे १८ महिने कधीच उलटून जातात. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग लांब असते आणि रांगेतली जागा अर्जाच्या तारखेवर ठरते, म्हणून एकेक महिना मोलाचा.

खबरदारी, कलाकारांसाठी. एच-१बीवर ज्या संस्थेनं अर्ज केला तिच्यासाठीच काम करता येतं. दुसऱ्या कॉलेजात मानधन घेऊन कार्यशाळा, मंडळाच्या गणेशोत्सवात पैसे घेऊन कार्यक्रम, हे त्यात बसत नाही. फुकट केलं म्हणजे आपोआप चालतं असंही नाही. टेन्यूर मात्र म्हणते की बाहेर कार्यक्रम करा. दुसऱ्या संस्थेनं समांतर एच-१बी घेणं हा एक मार्ग आहे. काही वेळा कार्यक्रम विद्यापीठातल्या नोकरीचाच भाग म्हणून आखता येतो. प्रत्येक आमंत्रणाआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल पाठवून लेखी उत्तर घ्या. विभागप्रमुखांनो, हे तिच्यावर सोडू नका. तिला विचारायला संकोच वाटतो, कारण व्हिसाचा विषय काढला की आपण ओझं ठरतो असं तिला वाटत असतं.

तपासा. सहीआधी : निकष लेखी? पदवीचं वाक्य? जागा? १८ महिन्यांची तारीख दोघींच्या कॅलेंडरमध्ये?

पायरी २ : पहिल्या सत्रात माणसं ठरवा

नेहमीची चूक अशी : विभागात आधीच असलेली एकुलती एक कृष्णवर्णीय किंवा तपकिरी प्राध्यापिका गाठायची आणि म्हणायचं, “तुम्ही हिच्या मार्गदर्शक.” त्या बाईंच्या डोक्यावर आधीच तीन जणींची जबाबदारी असते, आणि बाकीच्या पंधरा जणांची सुटका होते.

एकाच माणसाकडून सगळं मिळत नाही. किमान तीन वेगवेगळी माणसं ठरवा. एक, विभागातली मत देणारी ज्येष्ठ व्यक्ती, जी निकषांबद्दल स्पष्ट बोलेल. दोन, विभागाबाहेरची, जिच्यासमोर रडता येईल आणि जिचं मत मोजलं जात नाही. तीन, तिच्या क्षेत्रातली पण दुसऱ्या विद्यापीठातली, जी तिला आमंत्रणं मिळवून देईल. तिसरी व्यक्ती जवळची झाली तर पुढे बाहेरची परीक्षक म्हणून चालणार नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा. परीक्षक होऊ शकतील अशा लोकांशी ओळख जरूर वाढवावी, पण एकत्र काम करू नये.

सत्रातून दोनदा भेटा. भेटीनंतर त्याच दिवशी पाच ओळींचा ईमेल : काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. तो मार्गदर्शकानं लिहावा, तिनं नव्हे. ज्येष्ठाच्या हातून आलेल्या ईमेलचं वजन वेगळं असतं.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. ‘साउथ एशियन’ या एका शब्दाखाली इथे सगळे येतात, पण आपल्यातली जात समुद्र ओलांडून आपल्याबरोबर आलेली आहे. ब्रँडाइस विद्यापीठानं २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला, तो काही उगाच नाही. नवी आलेली दलित सहकारी मराठी आहे म्हणून ‘आपल्याच पाटील किंवा कुलकर्णी बाई बघतील तिच्याकडे’ असं विभागप्रमुखांनी गृहीत धरू नये. आणि आपणही आडनाव, गाव, ‘तुमच्याकडे काय करतात’ असले प्रश्न विचारून तिची जात हुडकू नये. मार्गदर्शक कोण हवी, हे तिला विचारा.

पायरी ३ : सेवेची नोंदवही, पहिल्याच आठवड्यापासून

सेवा म्हणजे शिकवणं आणि संशोधन यांपलीकडची समित्यांची, मार्गदर्शनाची कामं. गोऱ्या नसलेल्या प्राध्यापकांवर त्यांचं जे जादा ओझं पडतं, त्याला संशोधक अमादो पडिया यांनी १९९४ मध्ये ‘कल्चरल टॅक्सेशन’ असं नाव दिलं. हा समाजाच्या नावानं वसूल होणारा कर. विविधतेची समिती असेल तर तिचं नाव पहिलं, पाहुणे आले की फोटोत ती, आणि ज्या विद्यार्थिनीला वर्गात एकटं वाटतं ती दार वाजवते ते हिचंच. यातलं शेवटचं काम सगळ्यात खरं आणि सगळ्यात अदृश्य. त्या मुलीला ‘आता वेळ नाही’ म्हणणं हिला जमत नाही, जमूही नये. म्हणून ते काम मोजलं गेलं पाहिजे.

एक साधी तक्त्याची फाईल उघडा. रकाने : तारीख, काम, कोणी सांगितलं, किती तास, त्यातून काय झालं. विद्यार्थ्यांची नावं लिहू नका, गोपनीयतेचा कायदा आहे. ‘पदवीपूर्व विद्यार्थिनी, ४० मिनिटं, शिष्यवृत्तीचा अर्ज’ एवढं पुरे. दर शुक्रवारी दहा मिनिटं. सत्र संपलं की बेरीज करून विभागप्रमुखांना पाठवा.

विभागप्रमुखांसाठी दोन नियम. पहिला : नवं काम देताना त्याच वाक्यात कोणतं काम काढून घेणार ते सांगा. ‘या समितीवर ये, त्याबदल्यात प्रवेश समितीतून तुला मोकळं करते.’ दुसरा : ‘कोण तयार आहे?’ असं बैठकीत विचारू नका. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की बढतीसाठी न मोजली जाणारी कामं मिश्र गटात बायकाच जास्त वेळा अंगावर घेतात, आणि त्यांनाच जास्त वेळा विचारलंही जातं. आळीपाळीची यादी लावा. नाव आलं की आलं.

तिच्यासाठी : लगेच ‘हो’ म्हणू नका. ‘मार्गदर्शकांशी बोलून गुरुवारी कळवते’ हे वाक्य तोंडपाठ करा. पहिल्या दोन वर्षांतला नकार ज्येष्ठ सहकाऱ्यानं तिच्या वतीनं द्यावा. विभागप्रमुखांना तोंडावर नाही म्हणणं नव्या माणसाला महाग पडतं, ज्येष्ठाला पडत नाही.

पायरी ४ : कलेचं काम समितीला वाचता येईल असं मांडा

इथे थोडं थांबते, कारण कलाकारांच्या फायली सर्वांत जास्त इथेच घसरतात. माझ्या एका धाकट्या सहकारीसाठी मी वर्षानुवर्षं भेटेल त्याच्याशी बोलत आले होते. तिचं मातीकाम फार वरच्या दर्जाचं होतं. बैठकीत एकानं विचारलं, “या प्रदर्शनाची निवड कोणी केली? तज्ज्ञांनी पाहून केली का?” मी म्हटलं, “मला माहीत आहे, अत्यंत कडक निवड असते.” अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “फायलीत दिसत नाही.” माझ्याकडे त्या निवडीचं पत्र मागून घ्यायला चार वर्षं होती, आणि मी घेतलं नव्हतं. मत विरोधात गेलं. तेव्हापासून प्रत्येक कामामागे मी पुढचा क्रम पाळते.

अ. काम होण्याआधी : आमंत्रणाचं किंवा निवडीचं पत्र मागवा. किती अर्जांतून किती निवडले, निवड करणारे कोण, हे आयोजकांकडून लेखी घ्या. काम झाल्यावर वर्षानं मागितलं तर कार्यालयातली माणसं बदललेली असतात.

आ. काम होत असताना : चांगली छायाचित्रं, संपूर्ण कार्यक्रमाचं चित्रीकरण, छापील पत्रिका. जमेल तिथे बाहेरच्या एका तज्ज्ञाला बोलवा आणि दोन पानी लेखी अभिप्राय घ्या. शोधनिबंधाला जसे दोन परीक्षक असतात, तसा हा प्रदर्शनाचा परीक्षक. यासाठी लागणारा प्रवासखर्च विभागानं द्यावा. मला विचाराल तर एवढ्या थोड्या पैशांत एवढा मोठा आधार दुसरा नाही.

इ. काम झाल्यावर महिन्याभरात : अर्ध्या पानाचं टिपण. हे काय आहे, कुठे झालं, त्या जागेचं त्या कलाक्षेत्रात स्थान काय, तिचा वाटा नेमका किती.

मराठी कलाकारांचं अडतं ते शेवटच्या मुद्द्यावर. एखादी गायिका पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात गायली, तर ओहायोतल्या समितीला ते ‘भारतात एका उत्सवात गाणं म्हटलं’ एवढंच वाचता येतं. टिपणात लिहा : पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला, हिंदुस्थानी संगीतातला अग्रगण्य महोत्सव, कलाकार निमंत्रणावरूनच येतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं प्रदर्शन असेल तर ती १९५२ पासूनची आहे, जागा कशी मिळते आणि शहरातल्या कलाजीवनात तिचं स्थान काय, हे सांगा. ‘लोकसत्ता’ किंवा ‘महाराष्ट्र टाइम्स’मधलं परीक्षण जोडत असाल तर इंग्रजी भाषांतर दुसऱ्या कोणाकडून करवून घ्या आणि भाषांतरकाराचं नाव द्या.

खबरदारी. फुगवू नका. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनातला किंवा गावच्या महाराष्ट्र मंडळातला कार्यक्रम मनापासून केलेला असतो, पण तज्ज्ञांनी निवडलेलं सर्जनशील काम आणि समाजाशी नातं जोडणारं काम यांचे रकाने वेगळे आहेत. तो दुसऱ्या रकान्यात मानानं लिहा. पहिल्यात घातलात आणि एखाद्यानं हटकलं, तर बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

तपासा. कुठलंही एक काम उचला आणि कलेशी संबंध नसलेल्या मैत्रिणीला टिपण वाचायला द्या. ‘हे महत्त्वाचं का?’ याचं उत्तर तिला एका मिनिटात देता आलं नाही, तर टिपण पुन्हा लिहा.

पायरी ५ : वर्गातलं काम, विद्यार्थ्यांच्या गुणांपलीकडे

विद्यार्थ्यांनी सत्राअखेर दिलेले गुण हा कच्चा पुरावा आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांच्या २०१५ मध्ये छापल्या गेलेल्या एका प्रयोगात ऑनलाइन वर्गातल्या शिक्षकांनी नावांची अदलाबदल केली. शिकवणारी व्यक्ती तीच, पण पुरुषाचं नाव दिसलं की गुण वाढले. कॅनडात टोरोंटोच्या रायर्सन (आताच्या टोरोंटो मेट्रोपॉलिटन) विद्यापीठाच्या खटल्यात लवादानं २०१८ मध्ये ठरवलं की अध्यापनाची परिणामकारकता मोजून बढती किंवा टेन्यूर ठरवायला हे गुण वापरायचे नाहीत. तुमच्या विद्यापीठात ते अजून वापरत असतील, तर शेजारी दुसरा पुरावा उभा करणं एवढंच हातात आहे.

वर्षाला दोन वर्ग-निरीक्षणं, दोन वेगवेगळ्या सहकाऱ्यांकडून, आठवड्याभरात लेखी अहवाल. सत्राच्या मध्यावर तिनं स्वतः घेतलेला निनावी अभिप्राय, आणि त्यावरून वर्गात काय बदललं याचं अर्धं पान. विद्यार्थ्यांच्या कामाचे ‘आधी आणि नंतर’चे नमुने, त्यांची परवानगी घेऊन.

‘उच्चार कळत नाहीत’, ‘फार रागीट वाटते’ असल्या शेऱ्यांना तिनं फायलीत उत्तर देऊ नये. ते विभागप्रमुखांनी आपल्या पत्रात एका वाक्यात हाताळावं : शेरे तिच्याबद्दल आहेत, शिकवण्याबद्दल नाहीत, आणि निरीक्षण अहवाल असं म्हणतात. उघड वंशद्वेषी शेरा काढून टाकण्याची पद्धत काही विद्यापीठांत आहे. तिथे लगेच अर्ज करा. स्वतः मात्र काही खोडू नका.

पायरी ६ : तिसऱ्या वर्षाचा आढावा

गोड पत्र आलं की लोक निवांत होतात. ‘प्रगती समाधानकारक आहे, हाच वेग ठेवावा’ या वाक्याला काहीच अर्थ नाही. पत्र आल्यावर दोन आठवड्यांत विभागप्रमुखांना भेटून एकच प्रश्न विचारा : “फाईल आज गेली असती तर नकाराचं मत देणाऱ्यानं काय कारण दिलं असतं?” उत्तर ऐका, घरी येऊन ईमेल लिहा : ‘आपल्या बोलण्यातून मला असं समजलं की…’, आणि दुरुस्ती असेल तर कळवायला सांगा.

बाळंतपण, आजारपण किंवा आई-वडिलांची शुश्रूषा यासाठी टेन्यूरचं घड्याळ एक वर्ष थांबवता येतं. जरूर घ्या, पण जाणून घ्या. अर्थशास्त्राच्या नामांकित विभागांवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात आढळलं की ही सवलत स्त्री-पुरुष दोघांना दिल्यावर पुरुषांचं टेन्यूर मिळण्याचं प्रमाण वाढलं आणि बायकांचं घटलं. मिळालेल्या वर्षात पुरुषांनी निबंध छापले. ते वर्ष घेतलं तर बाहेरच्या परीक्षकांच्या पत्रात हे वाक्य हवंच : ‘उमेदवाराचं मूल्यमापन नेहमीच्या कालावधीनुसार करावं.’ वाक्य गेलं का, हे ज्येष्ठानं पाहावं. तिला ते पत्र सहसा दिसत नाही.

पायरी ७ : बाहेरचे परीक्षक

काम पाचव्या वर्षीच्या जानेवारीत सुरू करा. वसंतात याद्या, मे-जूनमध्ये विनंती, जुलैत साहित्य, सप्टेंबरपर्यंत पत्रं. तारखा थोड्या इकडेतिकडे होतात, क्रम तोच.

परीक्षक ना तिचे गुरू, ना सहलेखक, ना जवळचे मित्र. विभागाला साधारणपणे नामांकित संशोधन विद्यापीठांतले फुल प्रोफेसर हवे असतात. पण लावणीवर काम करणाऱ्या नर्तकीला बॅले शिकवणारा फुल प्रोफेसर काय न्याय देणार? शैलजा पाईक सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. दलित स्त्रिया आणि तमाशा यांवरच्या त्यांच्या संशोधनाला २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. या विषयांची जाण असलेली माणसं आहेत, शोधावी लागतात. क्युरेटर, महोत्सवाचे संचालक, स्वतंत्र कलाकार हवे असतील तर प्रोव्होस्टच्या, म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रमुखांच्या, कार्यालयाची परवानगी आधी घ्या आणि प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहा. परवानगीशिवाय आलेलं पत्र बाजूला ठेवलं गेल्याचं मी पाहिलं आहे.

‘यांना विचारू नका’ ही यादीही बहुतेक ठिकाणी देता येते. भारतविषयक अभ्यासाचं वर्तुळ लहान आहे. जातीवर लिहिणाऱ्या उमेदवाराला कोण आकसानं वाचेल हे तिला चांगलं ठाऊक असतं. दोन-तीन नावं, कारण थोडक्यात, आरोपाची भाषा टाळून.

तपासा. परीक्षकांना जाणाऱ्या पत्रासोबत विभागाचे लेखी निकष आहेत का? ते नसले की मोठ्या विद्यापीठातला माणूस आपल्याकडची फूटपट्टी लावतो.

पायरी ८ : मतदानाची बैठक

ज्येष्ठ सहकाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. फाईल दोनदा वाचून जा, पानांचे क्रमांक लिहून न्या. ‘ती फार मेहनती आहे’ म्हणू नका. ‘पान ४७ वर निवडीचं पत्र आहे’ म्हणा.

कुणी ‘ती आपल्यात मिसळत नाही’ म्हणालं तर विचारा : हे कोणत्या निकषाखाली येतं? मिळून-मिसळून वागणं हा स्वतंत्र निकष नसावा, असं एएयूपीनं १९९९ मध्येच म्हटलं आहे. ‘काम थोडं संकुचित विषयावर आहे’ असं आलं तर विचारा : बाहेरच्या कोणत्या पत्रात तसं लिहिलं आहे? आवाज न चढवता विचारा आणि इतिवृत्तात नोंद करायला सांगा. मत कमी पडलं तर वेगळं टिपण जोडण्याची सोय आहे का, हे आधीच माहीत करून घ्या.

बैठकीत कोण काय बोललं हे तिला सांगू नका. कितीही वाईट वाटलं तरी. गोपनीयता मोडली तर नुकसान तिचंच होतं.

पायरी ९ : नकार आला तर

पहिल्या दिवशी राजीनामा देऊ नका, रागाचा ईमेलही नको. नकाराच्या पत्रावरची तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख लिहून ठेवा. भेदभावाची तक्रार ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे करायची मुदत १८० दिवस आहे. राज्याचीही तशी यंत्रणा असेल तर ३०० दिवस. हे दिवस नकार कळल्यापासून मोजतात, नोकरी संपल्यापासून नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९८० च्या डेलावेअर स्टेट कॉलेज विरुद्ध रिक्स खटल्यात ते स्पष्ट केलं. विद्यापीठांतर्गत अपील चालू असलं तरी हे घड्याळ थांबत नाही. ‘आधी अपिलाचा निकाल येऊ दे’ म्हणत थांबलेल्यांची मुदत तिथेच निघून जाते.

म्हणून तीन गोष्टी एकदम सुरू करा : अंतर्गत अपील, नोकरीविषयक वकिलाचा सल्ला, आणि व्हिसा असेल तर स्वतःचा इमिग्रेशन वकील. विद्यापीठाचा वकील विद्यापीठाचा असतो. एच-१बीवर नोकरी संपल्यानंतर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, पण सातव्या वर्षाचा पगार चालू असेतो ती नोकरीतच असते, तेवढा अवधी हाताशी आहे. गोपनीय अहवाल कधीच मिळणार नाहीत असं समजू नका. १९९० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या खटल्यात न्यायालयानं ते ईईओसीला द्यायला लावले. आपल्या कामाची छायाचित्रं, नोंदवही, नियमानुसार जवळ ठेवता येणारी पत्रं घरच्या संगणकावर उतरवून ठेवा.

सहकाऱ्यांनो, या वर्षात तिला जेवायला बोलवा. नवीन नोकरीसाठी शिफारसपत्र मागायची वाट न पाहता स्वतः विचारा.

पायरी १० : मंजुरी आली तर

पेढे वाटून झाले की लगेच समित्यांचे ईमेल सुरू होतात, कारण ‘आता तर तिला टेन्यूर आहे’. पहिलं वर्ष नवी समिती नाही, हे विभागप्रमुखांनी लेखी द्यावं. सब्बॅटिकलचा (संशोधनासाठी मिळणाऱ्या पगारी रजेचा) अर्ज बहुतेक ठिकाणी आदल्या शरदात भरावा लागतो. तारीख शोधा आणि मंजुरीचं पत्र आलं त्याच आठवड्यात अर्जाचा मसुदा तिच्याबरोबर बसून करा.